लहरींची मंजुरी

आमच्या कचेरीच्या हवेत इंटरनेट आहे, अशी अधिकृत नोंद आमच्या दप्तरी आहे. ती नोंद कोणत्या नस्तीत आहे, त्या नस्तीचा क्रमांक काय आणि ती सध्या कोणाच्या टेबलावर विसावली आहे, हे सांगणारी माणसेही आमच्याकडे आहेत. फक्त ते हवेतले इंटरनेट प्रत्यक्ष अनुभवलेला इसम मला परवापरवापर्यंत भेटला नव्हता. इमारत इंग्रजी अमदानीतली, भिंती दगडी आणि दीड हात जाड, छत इतके उंच की त्याची जळमटे काढण्याचा प्रश्न थेट बांधकाम खात्याकडे वर्ग होतो. अशा या इमारतीत बड्या साहेबांच्या दालनाच्या दारावर, घड्याळ आणि पाल यांच्या मधोमध, एक पांढरी चपटी पेटी लावलेली आहे आणि तिच्यात एक हिरवा दिवा लुकलुकतो. गेल्या खंडेनवमीला आमच्या शिपाईमामांनी संगणक, छपाईयंत्र आणि साहेबांची गाडी यांच्याबरोबर या पेटीलाही हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली. ती माळ वाळून काळी पडली तरी उतरवलेली नाही. कारण ती पेटी कोणत्या शाखेच्या ताब्यात आहे, याचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.

या पेटीशी माझा संबंध येण्याचे वास्तविक काहीच कारण नव्हते. परंतु गेल्या पावसाळ्यात वरून असे परिपत्रक आले की, यापुढे प्रत्येक टिपणी, प्रत्येक मसुदा आणि प्रत्येक स्मरणपत्र संगणकीय प्रणालीतूनच सादर व्हावे, कागदी नस्ती कोणत्याही सबबीवर स्वीकारली जाणार नाही. आणि हे परिपत्रक आम्हांला कागदावर, तीन प्रतींत, पोच घेऊन देण्यात आले. माझ्या टेबलावरचा सरकारी संगणक तर त्याआधीपासूनच निर्लेखनाच्या प्रतीक्षेत होता. सरकारी वस्तूने प्राण सोडला तरी समितीने तो सोडल्याचे मान्य केल्याखेरीज ती मृत होत नाही, आणि ती मृत होत नाही तोवर तिच्या जागी दुसरी मागता येत नाही. त्यामुळे तो संगणक माझ्यासमोर डोळे मिटून बसे आणि मी त्याच्यासमोर डोळे उघडे ठेवून. अखेर निरुपायाने मी घरचा लॅपटॉप आणण्याचा संकल्प सोडला. आमच्या घरात वारसाहक्क खालून वर चालतो. मुलीने नवे यंत्र घेतले की जुने बापाच्या नावे होते. तिने वसतिगृहात चार वर्षे वापरलेले ते यंत्र, त्यावर चिकटवलेल्या मांजरांच्या चित्रांसकट, काखोटीला मारून मी एका सकाळी कचेरीच्या फाटकाशी हजर झालो.

पहारेकऱ्याने यंत्र उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाला, "आत न्यायला हरकत नाही, साहेब. पण बाहेर काढताना ते तुमचंच आहे असा दाखला लागेल."

"अहो, मी आत नेतोय हे तुम्ही आत्ता पाहताच आहात ना?"

"मी पाहतोय. पण संध्याकाळी ड्यूटीला दुसरा असतो."

या युक्तिवादाला तर्कशास्त्रात उत्तर नसल्याने मी दाखल्याची तजवीज करण्याचे कबूल करून आत गेलो.

येथे एखादा चतुर वाचक विचारील की, खिशातल्या मोबाइलवरून लॅपटॉपला इंटरनेट देण्याची विद्या आता शाळकरी पोरांनाही अवगत असताना या गृहस्थाला कचेरीच्या पेटीची एवढी आस कशासाठी? आमची प्रणाली कचेरीच्या जाळ्याबाहेरून उघडत नाही, हे त्याचे अधिकृत उत्तर आहे. अनधिकृत उत्तर असे की, सरकारी कामासाठी स्वतःच्या पदरचा डेटा खर्च करणे मला, आणि माझ्या समस्त सहकाऱ्यांना, अब्रह्मण्यम् वाटते. दररोज मिळणारा दीड-दोन जीबी रात्री बाराच्या ठोक्याला लयास जातो म्हणून तो त्याआधी संपवण्यासाठी आम्ही ज्यांची भाषा समजत नाही असे चित्रपट अर्धवट झोपेत पाहत बसतो. परंतु त्यातला चिमूटभर सरकारला द्यावयाचा म्हटले की आमचा स्वाभिमान एकदम जागा होतो.

लॅपटॉप उघडताच आसमंतातील जाळ्यांची यादी पडद्यावर अवतरली. त्यात साहेबांच्या दालनाचे एक जाळे होते, सभागृहाचे एक होते आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले एक होते, जे पाहुणे आले की हटकून बंद पडते. छपाईयंत्रानेही स्वतःच्या नावाने एक स्वतंत्र जाळे पसरलेले दिसले. कागद छापण्याचे त्याने केव्हाच सोडून दिले आहे, पण संस्थान विलीन करण्यास ते राजी नाही. सर्वांत जोमदार लहर होती ती फाटकाबाहेरच्या चहावाल्याची. आणि प्रत्येक नावापुढे एक चिमुकले कुलूप.

मी अडलो आहे ही वार्ता पसरताच, घरात कोणाला ताप भरला की नातेवाइकांचे काढे सुरू व्हावेत तसे सहकाऱ्यांचे उपचार सुरू झाले. आस्थापनेच्या अव्वल कारकुनांनी, "आधी त्याला हे जाळं विसरायला लावा आणि मग सावकाश आठवण करून द्या," असा मानसोपचार सांगितला. लेखा शाखेतील बाई म्हणाल्या, "विमानाचं चिन्ह एकदा लावा आणि काढा. माझ्या भाच्याने सांगितलंय." आवक-जावकच्या गृहस्थांचा भर दिशेवर होता. तिसऱ्या खिडकीत, उजव्या गजाला टेकवून, पडदा पूर्वेकडे करून यंत्र धरले की लहर येते, असा त्यांचा अनुभव. मात्र ती आल्यावर टंकलेखन कसे करावे, याविषयी त्यांनी मौन पाळले. बंद करून पुन्हा चालू करण्याचा उपाय तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने सुचवला, आणि मजा अशी की प्रत्येकाने तो स्वतःचा शोध असल्याच्या थाटात, आवाज थोडा खाली आणून सुचवला. मी सर्वांचे सर्व उपचार केले. माझा स्वभावच असा भिडस्त की, कोणी विहिरीत उतरून पाहा म्हणाला असता तर मी दोर मागितला असता.

बिनतारी लहरींच्या बाबतीत आपला देश मागासलेला आहे, असे मात्र कोणी समजू नये. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी भर सभेत अशा लहरी सोडून दाखवल्या होत्या. त्या भिंतींमधून आणि अध्यक्षस्थानी विराजमान झालेल्या बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या देहातून आरपार जाऊन पाऊणशे फुटांवर पोहोचल्या आणि तेथे त्यांनी घंटा वाजवली, पिस्तूल झाडले. साक्षात लेफ्टनंट गव्हर्नरांना भेदून जाणाऱ्या त्या लहरींचा मला नितांत आदर आहे. पण त्यांना आमच्या आस्थापना अधीक्षकांमधून पलीकडे जाता आले असते, यावर माझा विश्वास नाही. बोसांचे भाग्य थोर, म्हणून पाऊणशे फुटांच्या त्या टप्प्यात अधीक्षकाचे पद मंजूर नव्हते.

पुढे १९३३ साली बिनतारी तारायंत्राचा कायदा झाला आणि लहरींना रीतसर दप्तरात जागा मिळाली. माझ्या बालपणापर्यंत घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे. त्याचे एक छोटे पुस्तक असे आणि वर्षाचे पैसे भरले की त्यात तिकीट चिकटवून वर शिक्का मारून मिळे. आमचे आजोबा रेडिओ उघड्या फळीवर ठेवीत आणि परवाना लोखंडी कपाटात. त्या पिढीचा नूरच तसा होता. अलीकडे २००५ साली केंद्र सरकारने उदार होऊन २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला, म्हणूनच आज कोणीही उठून आपल्या घरात वाय-फाय लावतो आणि दिल्लीला त्याची गंधवार्ताही नसते. दिल्लीने टाकून दिलेला तो अधिकार वाटेत कोठेतरी आमच्या अधीक्षकांना सापडला असावा, असा माझा संशय आहे.

"अर्ज करा," अधीक्षक म्हणाले.

"साध्या कागदावर?"

"विहित नमुन्यात."

"तो कोठे मिळेल?"

"आपल्या अंतर्गत संकेतस्थळावर ठेवलेला आहे."

"ते संकेतस्थळ उघडायचं कशानं?"

"वाय-फायनं," अधीक्षक उत्तरले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर उपहासाची यत्किंचितही रेषा नव्हती. त्यांना यात काही विसंगत दिसतच नव्हते. अधीक्षक स्वतः त्या प्रणालीच्या वाटेला जात नाहीत. तीवर आलेली टिपणी त्यांच्यासाठी छापून काढण्यात येते, तिच्यावर ते हिरव्या शाईने शेरा मारतात, आणि मग तो शेरा कोणीतरी पुन्हा टंकित करून प्रणालीत चढवतो. या पद्धतीने आमचे कागदविरहित कामकाज सुरळीत चालले आहे.

नमुना अखेर मिळाला तो फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे. आमच्या कचेरीचे समग्र गोपनीय वाङ्मय त्याच्या फळीवर विषयवार लावलेले असते आणि दोन रुपयांत कोणालाही उपलब्ध असते. त्याने नमुना काढून दिला, मी लिहायला बसलो तसा माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाला, "साहेब, प्रयोजनाच्या रकान्यात नुसतं ‘शासकीय कामकाज’ लिहू नका, हरकत निघते. ‘तातडीचे शासकीय कामकाज’ लिहा. आणि मॅक पत्ता राहिला तर अर्ज पहिल्याच टेबलावर अडतो."

मॅक पत्ता हे प्रकरण मला तेव्हा प्रथम समजले. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच बारा स्थानांचा एक पत्ता बहाल केलेला असतो. त्यात शून्य ते नऊ हे अंक येतात आणि इंग्रजी वर्णमालेतील ए ते एफ ही पहिली सहा अक्षरे येतात. या पत्त्याची आधी नोंद झाली, तरच पेटी त्या यंत्राला दाराशी उभे करते. झेरॉक्सवाल्याने दोन बटणे दाबून माझ्या यंत्राचा पत्ता मला काढून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. मी अर्ज भरून उचित मार्गाने रवाना केला.

उचित मार्गावर पहिले ठाणे आमच्या टंकलेखकाचे. हा मनुष्य भाषेच्या बाबतीत कडवा आहे. १९६४ चा राजभाषा अधिनियम त्याला मुखोद्गत असून कचेरीतून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही कागदावर एकही रोमन अक्षर दिसता कामा नये, असा त्याचा बाणा आहे. त्याने माझा मॅक पत्ता अथपासून इतिपर्यंत देवनागरीत उतरवला. पत्त्याचा आरंभ चार या अंकाने आणि ई या अक्षराने होत होता. ते त्याने ‘४ इ.’ असे, ऱ्हस्व करून आणि पुढे टिंब देऊन, मोठ्या सुबकपणे लिहिले. काही सप्ताहांनी अर्ज हिरव्या शेऱ्यासह परत आला: "अर्जदाराने पत्त्यात ‘४ इत्यादी’ असे मोघम नमूद केले आहे. सदर ‘इत्यादी’मध्ये कोणकोणत्या बाबींचा अंतर्भाव होतो, याचा तपशीलवार खुलासा घेऊन प्रकरण फेरसादर करावे."

मी खुलासा सादर केला. त्यावर टिपणी झाली, टिपणीवर चर्चा झाली, आणि चर्चेअंती एक शुद्धिपत्रक निघाले की, ‘४ इ.’ ऐवजी ‘४ई’ असे वाचण्यात यावे. ते हातात पडले तेव्हा गणपती बसून उठलेही होते.

तळमजल्यावर, पूर्वी जेथे जुने अभिलेख ठेवीत त्या खोलीत, कंत्राटदाराने नेमलेला एक पोरसवदा अभियंता बसतो. त्याच्याकडे मंजुरी पोहोचली, त्याने माझ्या यंत्राचा पत्ता नोंदवहीत आणि पेटीत असा दोन्हीकडे दाखल केला आणि माझ्या हाती एक लाखेची मोहर लावलेला लिफाफा ठेवला, ज्यावर ‘गोपनीय’ असे लिहिले होते. आत सांकेतिक शब्द होता. मी लिफाफा फोडावयास कोपऱ्यात गेलो, तर शिपाईमामा चहाचे ग्लास विसळता विसळता म्हणाले, "फोडता कशाला, साहेब? पहिलं अक्षर मोठं, शेवटी एक-दोन-तीन-चार. मीच तर सांगतो सगळ्यांना." लिफाफा फोडून पाहिला, मामांचा उच्चार सोडल्यास दोहोंत फरक नव्हता.

मी तो शब्द लॅपटॉपात घातला. यंत्राने विचार केला, पुष्कळ विचार केला, आणि जोडणी नाकारली. मामांनी सांगितलेल्या पद्धतीने घातला, तरी तेच. अभियंता वर आला, त्याने पडद्याकडे एकदा आणि शुद्धिपत्रकाकडे एकदा पाहिले आणि हसू दाबत म्हणाला, "काका, हा पत्ता बनावट आहे."

मला दरदरून घाम फुटला. सेवेत इतकी वर्षे काढली, खातेनिहाय चौकशीचा एक कागद अंगाला लागू दिला नाही, आणि निवृत्ती तोंडावर आली असताना बनावट दस्तऐवजाचा ठपका! माझी कैफियत मनातल्या मनात तयार होऊ लागली.

"घाबरू नका," तो म्हणाला. "खरा पत्ता लपवून यंत्र हवेत खोटाच सांगतं, अशी एक सोय असते त्यात. पत्त्याचं दुसरं अक्षर बघायचं. ते दोन, सहा, ए किंवा ई असलं की समजायचं, पत्ता कारखान्यातला नाही, यंत्रानं आपल्या मनानं घेतलाय. तुमचा ‘चार ई’. आणि आज बघा, त्यानं तोही बदललाय."

मी मुलीला दूरध्वनी लावला. ती अत्यंत शांतपणे म्हणाली, "हो बाबा, ते मीच चालू करून ठेवलंय. कॅफेतलं वाय-फाय वापरताना कोणी आपल्यावर पाळत ठेवू नये म्हणून. खाजगीपणा नको का?" ज्या बापाचे वेतन, रजा, रक्तगट आणि मूळव्याधीचे देयक ही सर्व माहिती दोन रुपयांत झेरॉक्सवाल्याकडे मिळते, त्याच्या काखेत खाजगीपणाची एवढी चाड असलेले यंत्र इतके दिवस नांदत होते, याची मला कल्पनाच नव्हती. ज्या ‘४ई’साठी टंकलेखकापासून अधीक्षकांपर्यंत सारी शाखा झिजली, शाई आटली, शुद्धिपत्रक निघाले, तो पत्ता कुणाचाच नव्हता. ती सोय बंद केली तेव्हा खरा पत्ता उघड झाला, आणि शुद्धिपत्रकाचे शुद्धिपत्रक काढावे की मूळ अर्ज निकाली काढून नवा मागवावा, या मुद्द्यावर प्रकरण अभिप्रायार्थ वर गेले. त्यानंतरचा इतिहास मी सांगत नाही. संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाल्यावर मंजुरी आली, आणि तिच्यावर ‘मुदत ३१ मार्चपर्यंत’ असे लिहिलेले होते, एवढे पुरे.

जोडणी झाली तो क्षण मात्र खरोखर मोठा होता. शाखेतील सर्वजण जागेवरून उठून माझ्या खुर्चीभोवती जमले. आवक-जावकच्या गृहस्थांनी, तिसरी खिडकी नसताना हे घडलेच कसे, अशा संशयाने पडद्याकडे पाहिले. लेखा शाखेतील बाईंनी पेढ्यांची मागणी केली. मी पहिली टिपणी प्रणालीत सादर केली आणि ती लागलीच छापून अधीक्षकांकडे गेली.

एकच वैगुण्य राहिले. रोज दुपारी दीडच्या सुमारास जोडणी तुटे आणि अडीचला आपोआप जुळे. प्रारंभी मला वाटले की, इंटरनेटलाही मधली सुटी देण्याचा शिरस्ता असावा. पण अभियंत्याने कान टवकारले, आमच्या दालनामागच्या छोट्या खोलीतून येणारी घरघर ऐकली आणि निदान केले: बाईंचा माइक्रोवेव्ह. ती भट्टी आणि आमची पेटी, दोघींचे कामकाज एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. भट्टीचे दार जुने झाल्यामुळे आतली लहर थोडी बाहेर झिरपते आणि तेवढ्यानेही पेटीचा आवाज दबून जातो. ५ गिगाहर्ट्झवर गेले तर हा उपद्रव टळतो, पण माझ्या यंत्राला ती विद्या नाही आणि आमच्या भिंतींना ती लहर मानवत नाही. एवढे बोलून तो गेला असता तर बरे झाले असते. परंतु त्याने हे सर्व भेट-नोंदवहीत लिहिले, आणि ती नोंदवही रोज सायंकाळी अधीक्षकांकडे जाते.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक फिरले. माहिती तंत्रज्ञान कक्षाच्या पूर्वपरवानगीखेरीज कोणीही कार्यालयात अन्नपदार्थ सूक्ष्मलहरींद्वारे उष्ण करू नयेत. इच्छुकांनी विहित नमुन्यात, भट्टीच्या तपशिलासह, अर्ज करावा. खाली संदर्भ म्हणून माझ्या अर्जाचा क्रमांक होता.

तेव्हापासून शाखेत कोणी माझ्याशी बोलत नाही. डबे गार, भाज्या गार, पोळ्यांचे पापड झालेले. दर दुपारी बाईंच्या डब्यातून माझ्या ताटलीत येणारी कैरीच्या लोणच्याची फोड बंद झाली. त्या एकदाच बोलल्या, त्याही माझ्याकडे न पाहता, कपाटाला उद्देशून: "आता म्हणावं, त्या लॅपटॉपवरच पोळ्या गरम करून घ्या."

त्यांचा हेतू बोचरा होता, तरी सूचना व्यवहार्य होती. ते यंत्र जुने असून प्रणालीत शिरले की त्याची पाठ चांगलीच तापते. मी ते मिटले नाही, नुसते उलटे करून त्यावर फॉइलमध्ये गुंडाळलेली पोळी ठेवली आणि एक जोडपत्र सादर होण्याची वाट पाहत बसलो. जोडपत्र सादर व्हायच्या आत पोळी दोन्ही बाजूंनी खमंग शेकून निघाली, आणि आवक-जावकचे गृहस्थ आपला डबा हातात घेऊन, इकडेतिकडे पाहत, हळूच माझ्या टेबलाशी आले.